एका उंचीचे नळ

काकाजी, बुधवारी दवाखान्यात मी तुमच्याशी खोटं बोलले.

तुम्ही विचारलंत, "टेकाडावर पाणी चढलं का?" मी म्हणाले, "चढलं." तुम्ही डोळे मिटलेत. मग पुन्हा उघडलेत आणि विचारलंत, "शेवटच्या नळाले?" मी म्हणाले, "हो, शेवटच्या नळाले. पंचफुलाबाईनं पाण्याचे दोन गुंड भरले." तुम्ही हसलात की खोकलात, ते मला नीट कळलं नाही. खाटेच्या पायगतीला बसलेल्या काकूंनी तुमच्या पायांवरची चादर सारखी केली आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. त्यांना खरं माहीत होतं. गावचा ट्रान्सफॉर्मर सोमवारी संध्याकाळीच जळाला होता. मोटार बंद, टाकी कोरडी. टेकाडाचं सोडाच, आमच्या खालच्या गल्लीतसुद्धा दोन दिवसांत थेंब आला नव्हता.

गुरुवारी तुम्ही गेलात. आज रविवार आहे. तुमच्या घरात लोक येऊन बसतात, काकू कोणाशी फार बोलत नाहीत, आणि तुमची सायकल अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकलेली आहे. सायकलजवळून जाताना मी मान वळवते. पण दुःखाहून जास्त मला आज हायसं वाटतं आहे. कालच्या सकाळपासून वाटतं आहे. ते का, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं लिहिणं तुम्ही कधी फारसं मनावर घेतलं नाही. बाबा पुलगावला गिरणीत होते. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, संपाची पत्रकं होती, गुलाबी आणि पिवळ्या कागदांवरची. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. बाबा वारले तेव्हा आई मला घेऊन या गावी, बाबांच्या मूळ घरी आली. आंजीहून आत चार मैल. सहा महिन्यांत मी माझं पहिलं पत्रक काढलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत, घडी घातलीत, त्यात सुपारीची खांडं बांधलीत आणि खिशात ठेवलीत. "कागद चांगला हाय," म्हणालात. तेव्हापासून गावभर मी तुमची पत्रकवाली.

त्या पत्रकात पाणीच होतं. तुम्हाला माहीत असलेलंच मी पुन्हा सांगते आहे, कारण एकदा मला ते ओळीने मांडून पाहायचं आहे.

नाल्याकाठी विहीर, तिच्यावर मोटार, चौकात उंच टाकी आणि टाकीखाली एकच व्हॉल्व्ह. त्याची लांब लोखंडी चावी तुमच्या सायकलच्या दांड्याला बांधलेली असायची. सकाळी सहाला तुम्ही ती फिरवायचात आणि तासाभरात टाकी रिकामी व्हायची. पाइप जायचा आमच्या खालच्या गल्लीतून. पुढे टेकाडावर घरकुलं झाली, मजुरांची घरं तिथे गेली, तेव्हा त्यांचा पाइप आमच्याच गल्लीच्या शेपटाला जोडून दिला. टेकाड म्हणजे काही डोंगर नव्हे. मुरमाचा उंचवटा, आमच्या दारापासून मोजला तर छातीएवढा. पाण्याला तेवढा पुरेसा होता.

खालच्या गल्लीत प्रत्येकाने नळापाशी खड्डा खणलेला. नळ जेवढा खाली, तेवढी धार जाड. एकाने हातभर खणला की शेजारचा दीड हात खणायचा. आमच्या खड्ड्याला तीन पायऱ्या होत्या. आई पदर खोचून आत उतरायची, भरलेला गुंड मी वरून धरून घ्यायची. मला वाटायचं, गावातला नळ असाच असतो. थोड्या वेळाने टेकाडावरच्या बायका रिकामी भांडी घेऊन यायच्या आणि खड्ड्यांच्या काठाशी उभ्या राहायच्या. आमचं सगळं भरून झालं की आई त्यांच्या भांड्यात पाणी ओतायची, हात लांब करून, भांड्याला भांडं लागू न देता. तिला वाटे, आपण देतो आहोत. मी ते रोज बघत होते आणि एका सकाळी मला ते बघवेना.

माझी मागणी साधी होती. खड्डे बुजवा. प्रत्येक नळ जमिनीपासून दोन फूट. कोणाचंही घर असो, माप एकच.

मी तुम्हाला टाकीखाली गाठलं. तुम्ही पत्रक हातात धरून विचारलंत, "दोन फूट कुठून?"

"जमिनीपासून."

"कोणाच्या जमिनीपासून?"

"ज्याच्या त्याच्या."

"मंग नाई होत."

"काऊन नाई होत? सगळ्याईले एकच माप. याहून न्याय कोणता असते?"

"जमीन सारखी हाय का? पाणी जमीन नाई पाहत, पोरी. पाणी पाणीच पाहते."

मला ते कोड्यात बोलणं वाटलं. मी म्हणाले की तुम्ही खालच्या गल्लीची वकिली करता. तुम्ही सुपारी तोंडात टाकलीत आणि गेलात. तुमचं हे मला कधी पटलं नाही. जे माहीत आहे ते चार वाक्यांत समजावून सांगायचं सोडून तुम्ही एक वाक्य टाकायचात आणि सायकलवर बसायचात. त्या दिवशी तुम्ही पाच मिनिटं थांबला असतात, तर पुढचं वर्ष वाचलं असतं. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणायला हवं होतं.

ग्रामसभेत ठराव झाला. भांडणं झाली, शिव्या झाल्या, पण खड्डे बुजले. गल्लीत प्रत्येक नळ जमिनीपासून दोन फूट, टेकाडावर प्रत्येक नळ जमिनीपासून दोन फूट. मी स्वतः टेप घेऊन फिरले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावरच्या बायका रिकामी भांडी घेऊन आमच्या दारात.

आमच्या दारातले दोन फूट आणि टेकाडावरचे दोन फूट यांच्यामध्ये तो छातीएवढा मुरूम जसाच्या तसा होता. आज शाळेतल्या मुलालाही हे सांगता येईल. मला दिसलं नाही. ठराव बरोबर आहे, मग माणूस चूक असला पाहिजे, असं मी धरून चालले. बाबांच्या पत्रकांत शेवटी नेहमी एक माणूस असायचा. मी तसा माणूस शोधला आणि तुम्हीच समोर होतात.

"चावी कोणाच्या हातात?" हे माझं दुसरं पत्रक. टेकाडावर पाणी पोचायच्या आत व्हॉल्व्ह बंद केला जातो, असं मी लिहिलं. नाव घातलं नव्हतं, पण गावात चावी एकच होती. तुम्ही ती सायकलवरून सोडलीत, सरपंचांच्या टेबलावर ठेवलीत आणि घरी गेलात. पंधरा दिवस कोतवालाने पाणी सोडलं. पंधराच्या पंधरा दिवस टेकाड कोरडं. व्हॉल्व्ह बंद करायची वेळच यायची नाही, त्याआधी टाकी संपलेली असायची. सोळाव्या दिवशी कोतवालच चावी घेऊन तुमच्या घरी आला आणि म्हणाला, "भाऊ, घे बाप्पा तुही चावी. बाया मले सकायीसकायी शिव्या देऊन राह्यल्या."

मी दोन दिवसांनी आले. काय बोलायचं ते ठरवून आले होते. तुम्ही गोठ्यात दोर वळत होतात. मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, "हे पत्रक मस्त होतं. लोकाईनं वाचलं. पह्यल्यात तं निस्ती सुपारीच गेली." आणि मला काकूंकडे चहाला पाठवून दिलंत. ठरवलेलं वाक्य तसंच राहिलं. पुढे दीड वर्ष आपण रोज बोललो, पण ते वाक्य निघालं नाही. आता सांगते. मी चुकले होते, काकाजी. तुमच्यावर घातलेला आळ खोटा होता आणि तो मी छापून वाटला होता.

त्याच चहाच्या वेळी मी नवीन मागणी काढली. मोटार दिवसातून दोनदा चालवा, टाकी दोनदा भरा, दुसऱ्या वेळचं पाणी टेकाडाला. तुम्ही मला विहिरीवर नेलंत. दोराला हाता-हाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. तो विहिरीत सोडून तुम्ही दाखवलंत.

"सकाळी उपसली का दुसऱ्या सकाळवरी सात गाठी भरते. दोनदा उपसली तं चारच. झऱ्याले दम नको का? आता उपसशीन, मंग जेठात कोणाले पाजशीन? पत्रकाले?"

"मंग हीर खोल करा."

"खोल केली का शेजारच्या वावरातली आटन. मंग थो आपली खोल करन. खड्डेच खंदत बसाचं का गावानं?"

विहीर खोल करायची मागणी मी सोडली, पण आपला वाद मिटला असंही नाही. टेकाडाला स्वतःची टाकी हवी, स्वतःचा व्हॉल्व्ह हवा, तो त्यांचा हक्क आहे आणि सरकारने तो द्यायला हवा. तुम्ही म्हणायचात, सरकार येईन तवा येईन, तवरोक हीर जिती ठेवाची. मी म्हणायची, तुमच्यासारख्यांनी असं भागवून नेलं की सरकारला यायची घाईच राहत नाही. अजून माझं तेच म्हणणं आहे. त्या मागणीचं पत्रक मी लिहिणार आहे. सुपारी बांधायला मात्र आता कोणी नाही.

मग तुम्ही मिस्त्र्याकडची लेव्हल नळी मागून आणलीत. बोटभर जाडीची, आरपार दिसणारी, पाण्याने भरलेली लांब नळी. तिची दोन टोकं कुठेही धरली तरी आतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं. एक टोक तुम्ही टेकाडावरच्या अगदी शेवटच्या घरी धरलंत. ते पंचफुलाबाईचं घर. दिवसभर कापसाच्या वावरात मजुरी करणारी, आणि बोलायला लागली की पाटलालाही गप्प करणारी बाई. तिचा नळ तुम्ही दोन फुटांवरून खाली आणून जवळजवळ भुईला टेकवलात. तिथून टप्प्याटप्प्याने भिंतींवर कोळशाच्या खुणा करत आपण खाली आलो. एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या. तेव्हा मला ते वाक्य कळलं. जमिनीपासून नाही, पाण्यापासून मोजायचं होतं.

गल्लीच्या शेपटाशी खूण गुडघ्यावर आली. मधल्या घरांना कमरेवर. आमचं घर गावात सगळ्यात खालचं. आमच्या भिंतीवर खूण आईच्या छातीशी आली.

आई कोळशाच्या रेघेकडे बघत राहिली. "वासुदेवभाऊ, नळाखाली आंघोळ कराची का म्या?"

"गुंड ठेवाले ओटा बांध ना, वयनी."

"अन् टेकाडावरच्याईचा नळ कुठं हाय?"

"भुईले."

"पाहा. त्याईचा भुईले, माह्या छातीले. हे सारखं झालं का?"

"हेच सारखं झालं."

मागे पंचफुलाबाई उभी होती. ती म्हणाली, "बाई, म्या वाकून भराचं अन् तुमी उभ्यानं. कोणाचं बरं हाय थे माह्या कंबरेले इचारा."

आई हसली नाही, पण तिने तोंडाला पदर लावला. आमचा नळ सगळ्यात आधी वर गेला. गल्लीत पहिला. ते माझ्या पत्रकामुळे नव्हतं. गावात सगळ्यात जास्त पाणी आपणच ओढत होतो, हे तुमच्या कोळशाच्या रेघेने आईला दाखवलं होतं.

तिसऱ्याच दिवशी तिने नळाला रबराची नळी लावली आणि टोक खाली गुंडात सोडलं. तुम्ही सायकलवरून जाता जाता थांबलात. "वयनी, नळीचं तोंड खाली गेलं का समजा नळच खाली गेला." आणि स्वतःच्या हाताने काढून तिच्या ओट्यावर ठेवलीत. मग घरोघरी हेच. ज्यांनी नळ वर घ्यायला नकार दिला, त्यांच्या ओट्यावर तुम्ही सकाळी जाऊन बसायचात. भांडण नाही, विनवणी नाही. अडकित्त्याने सुपारी कातरत बसायचात, ते घरातली माणसं कंटाळेपर्यंत. सगळा उन्हाळा त्यात गेला. शेवटी तीन घरं उरली, मग एक.

या सगळ्यात एक गोष्ट मी तुम्हाला माफ केलेली नाही आणि तुम्ही गेलात म्हणून करणारही नाही. टेकाडाच्या पाण्यासाठी तुम्ही झिजलात, पण पंचफुलाबाईच्या घरचा चहा कधी घेतला नाही. ती दर वेळी विचारायची. तुम्ही उभ्याउभ्या म्हणायचात, "मले चहा चालत नाई." आमच्या घरी तो दोन कप चालायचा. तिला हे माहीत होतं. एकदा मी विचारलं तर तुम्ही रागावलात, पहिल्यांदाच. "तू पाणी पाह्य," म्हणालात. मी पाणी पाहिलं, काकाजी. त्यातच ते दिसलं. गुरुवारी तुमच्या अंगणात ती सगळ्यांच्या मागे उभी होती आणि मोठ्याने रडत होती. तुमच्यावर तिचा माझ्याहून जास्त हक्क होता, एवढंच मला तेव्हा वाटलं.

मागच्या रविवारी तुम्हाला दम लागला आणि वर्ध्याला नेलं. सोमवारी दुपारी फिटरने शेवटच्या घराचा नळ वर घेतला. संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर गेला. बुधवारी मी तुमच्या खाटेशी उभी राहिले. मी आजवर तुमच्याबद्दल एकच खोटं छापलं होतं, तेही खरं समजून. या वेळचं जाणूनबुजून बोलले. परत येताना बसमध्ये माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सगळे नळ एका पातळीला आले आणि तरी पाणी चढलं नाही तर? पाइपच अरुंद असला तर? दारात बसायला तुम्ही नसल्यावर लोकांनी रबराच्या नळ्या लावल्या तर? हे सगळं तुमच्या एकट्याच्या सुपारीवर उभं असलं तर तुमच्यामागे ते चार दिवस टिकणार नव्हतं, आणि मी एका मरणाऱ्या माणसाला नुसतं फसवलेलं असणार होतं.

शुक्रवारी लाइन आली. शनिवारी सकाळी काकू चावी घेऊन टाकीखाली आल्या. सरपंच म्हणाले, कोतवाल सोडेल. काकूंनी चावी माझ्या हातात दिली. "हिले माहीत हाय," म्हणाल्या. मला काय माहीत होतं? पाच पिळे द्यायचे, थांबायचं, पाइपातली हवा सूं करून निघू द्यायची, मग उरलेले. रोज बघून तेवढं कळलं होतं. चावी जड होती. हवा निघाली. मी पिळे पूर्ण केले आणि पाइपाच्या कडेने चालू लागले.

गल्लीत नळ चालू होते. धार पूर्वीपेक्षा बारीक. कोणी कुरकुरलं, "वासुदेवभाऊनं जाता जाता पाणी बारीक करून ठेवलं." पण ते ज्या आवाजात म्हटलं, तो तुम्ही ऐकायला हवा होता. मी प्रत्येक नळाचं तोंड बघत गेले. रबराची नळी एकाच घरी सापडली. आमच्या. आईने मला येताना पाहिलं आणि ती काढून घेतली.

चढावर मी हळू झाले. वरून कसलाच आवाज येत नव्हता. टेकाडावर पाण्याचा आवाज कसा असतो हे मला ठाऊकच नव्हतं, म्हणून मी भांडणाचा आवाज ऐकायला बघत होते.

पंचफुलाबाईच्या अंगणात ती नळापाशी वाकलेली होती. एक गुंड भरून बाजूला ठेवलेला, दुसरा नळाखाली. पाणी येत होतं. करंगळीएवढं, पण एकसारखं, न तुटता. मी तिथेच मुरमावर बसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले आणि मध्येच हसूही आलं, कारण आता मी तुमच्याशी खोटं बोलले नव्हते. आणि त्याहून मोठं म्हणजे, ते तुमच्याशिवाय चढलं होतं. दारात बसायला कोणी नव्हतं, तरी चढलं होतं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते यामुळे. तुमच्याही छातीवर हेच होतं असणार, नाहीतर त्या खाटेवरून तुम्ही दुसरं काही विचारलं असतं.

दुसरा गुंड काठोकाठ भरला. पंचफुलाबाईने तो उचलून बाजूला ठेवला. पाणी अजून चालूच होतं.

मी म्हणाले, "मावशी, अजून येऊन राह्यलं ना. भरून घ्या, जे असन थे."

"झालं माह्यं," ती म्हणाली. "टाकीत राहू दे. उद्या हिरीतून तेवढंच कमी उपसाचं."

आणि तिने तोटी पिळली. टेकाडावरचा शेवटचा नळ त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी हाताने बंद केला.